तावातावाने

चित्रप्रदर्शनांची परीक्षणं लिहिणाऱ्या मंडळींबद्दल मला फार आदर आहे. भिंतीवर टांगलेल्या हातभर चौकटीत त्यांना काय काय दिसतं! कोणाला अवकाशाचं भान दिसतं, कोणाला रेषेची अस्वस्थता जाणवते, कोणाला तर रंगांचं मौनसुद्धा ऐकू येतं. उद्घाटनाला कोण आलं होतं आणि येणार म्हणून कोण आलं नाही, याचीही नोंद होते. नोंद होत नाही ती एकाच गोष्टीची. चित्र ज्याच्यावर काढलंय त्या कागदाची. जेवणावळीचं वर्णन करताना मठ्ठ्यापासून जिलबीपर्यंत सगळ्यांची नावं घ्यावीत आणि पंक्तीला पानं मांडली होती की नव्हती हे सांगायचंच राहून जावं, तसं हे आहे.

तैलरंगात हे खपून जातं. तिथे थरावर थर चढतात आणि कॅनव्हास बिचारा चित्राखाली गाडला जातो. जलरंगाचं तसं नाही. अस्सल जलरंगवाला पांढरा रंग सहसा वापरतच नाही. रंगपेटीतल्या बाकीच्या वड्या झिजून खड्डे पडतात, पांढरी वडी मात्र शेवटपर्यंत नव्या नवरीसारखी कोरी राहते. चित्रात ढग पांढरा दिसतो, बगळा पांढरा दिसतो, घाटावर वाळत घातलेलं धोतर पांढरं दिसतं, तेव्हा त्या त्या जागी चित्रकाराने काहीएक केलेलं नसतं. तिथे निव्वळ कागद असतो. इतकंच काय, जिथे रंग लावलेला असतो तिथेही उजेड त्या पारदर्शक रंगातून आत जातो, कागदावर आपटतो आणि रंग लेवून बाहेर येतो. समीक्षक ज्याला 'प्रकाशाचं चैतन्य' म्हणतात, त्यातला मोठा वाटा कागदाच्या चैतन्याचा असतो.

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र आहे. दिव्याची ज्योत पंजाच्या आडोशाने जपणारी ती स्त्री पाहायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून जातात. हे तैलचित्र नाही, जलरंगातलं आहे, असं कळलं की माणसं पुन्हा दोन पावलं पुढे सरकून बघतात. बोटांच्या फटींतून झिरपणाऱ्या उजेडाबद्दल बोलतात, चेहऱ्यावरच्या आभेबद्दल बोलतात. ते सगळं पाणी, तो सगळा रंग निमूटपणे अंगावर घेणाऱ्या कागदाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

तेव्हा हे राहून गेलेलं काम कोणीतरी करायला हवं, म्हणून मी कागदसमीक्षा हाती घेतो आहे. माझी पात्रता विचाराल, तर कोणत्याही समीक्षकाला लागते तेवढीच आहे: स्वतःला बेताचंच येतं, आणि दुसऱ्याचं कुठे बिघडलंय ते लांबूनही कळतं.

समीक्षेला संहिता लागते. मी घेतलेली संहिता पाच शब्दांची आहे. ती अशी: "शिकताय ना? मग साधाच घ्या."

हे वाक्य म्हणींसारखं सगळ्यांच्या मालकीचं आहे. दुकानदार ते गिऱ्हाइकाला ऐकवतो. ड्रॉइंगचे सर वर्गाला ऐकवतात. वडील मुलाला ऐकवतात, आणि साठीनंतर रंगपेटी हातात घेणारा माणूस ते स्वतःच स्वतःला ऐकवतो. "आधी हात बसू दे, मग चांगला कागद." या वाक्यात काटकसर आहे, विनय आहे, पुढे कधीतरी बरे दिवस येतील अशी आशा आहे. आपल्या मध्यमवर्गीय शहाणपणाचा सगळा अर्क त्यात उतरलेला आहे. त्यात दोष एवढाच की ते उलटं आहे.

पुरणपोळी पहिल्यांदाच करायला बसलेल्या मुलीपुढे कोणी तार न सुटणारी कणीक ठेवून "आधी या कणकेची जमू दे, मग चांगली देते" असं म्हणत नाही. समोर सासू असली तरी म्हणत नाही. कारण पोळी फुटणार, पुरण तव्यावर येणार, आणि मुलीला वाटणार की आपला हात वाईट. गाणं शिकायला आलेल्या पोराच्या हाती मुद्दाम बेसूर तंबोरा देऊन "सुरात आलास की जुळवून देतो" असं कुठला बुवा म्हणेल? चित्रकलेत मात्र आपण बिनदिक्कत बेसूर तंबोरा हाती देतो आणि वर विचारतो, का रे, सूर का लागत नाही?

साध्या कागदावर काय घडतं ते बघा. साधा म्हणजे चित्रकलेच्या वहीतला, किंवा ज्याला आपण कार्ट्रिज म्हणतो तो. मुलाला काढायचा आहे समुद्र आणि वर मोकळं आकाश. आकाशासाठी वरपासून खालपर्यंत निळ्याचा एक सलग वॉश द्यायचा. मुलगा ब्रश भरून घेतो, वरून सुरुवात करतो. तो मध्यावर येईपर्यंत वरची बाजू वाळलेली असते. जिथे वाळलेला आणि ओला भाग भेटतो तिथे एक कड पडते. कड घालवायला तो ओला ब्रश फिरवतो, तर खालचा रंग उचलला जातो आणि एका कडेच्या दोन कडा होतात. तोवर कागदाने पाणी पिऊन अंग फुगवलेलं असतं. त्याला टेकड्या येतात, दऱ्या येतात, आणि सगळा निळा रंग दऱ्यांत जाऊन बसतो. मुलगा जिद्दीने तिसऱ्यांदा घासतो, तेव्हा कागदाची साल निघून बारीक गुठळ्या वळायला लागतात. अर्ध्या तासात कागदावर सह्याद्री उभा राहतो. काढायचा होता अरबी समुद्र.

आता खरी गंमत पुढे आहे. "कागद वाईट आहे" असं मुलगा म्हणत नाही. ते म्हणायला आधी चांगला कागद पाहिलेला असावा लागतो. तो म्हणतो, "मला जमत नाही." सर म्हणतात, "हात बसला नाही अजून." घरी आजी म्हणते, "आपल्याकडे नाहीच हो ती कला, याच्या मामाकडेही नव्हती." असा खालच्या कोर्टापासून वरच्या कोर्टापर्यंत निकाल कायम होतो. मग हा मुलगा मोठा होतो, नोकरी करतो, घर बांधतो, मुलींची लग्नं करतो, आणि चित्राचा विषय निघाला की हसून सांगतो, "आपला हात पहिल्यापासून वाईट हो!" एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या काळापासून अशी कितीतरी माणसं आपल्या घराघरांत बसलेली आहेत. त्यांतल्या काहींचा हात खरोखरच वाईट असेल. पण काहींची शिक्षा कागदाच्या गुन्ह्याबद्दल चालू आहे.

कागदाचा गुन्हा नेमका कोणता? तर खळ. आपण सुती साडीला खळ देतो, तशी कागदालाही द्यावी लागते. बिनखळीचा कागद म्हणजे टिपकागद. थेंब पडला की गडप. खळ असली की पाणी काही वेळ वर थांबतं, ब्रशला फिरायला सवड मिळते, रंगाचे कण सावकाश खाली बसतात. आपल्याकडच्या जुन्या हातकागदाला पिठाची खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटत असत. ते लिहिण्यासाठी उत्तम होतं. बोरूने झरझर ओळी लिहून व्हायच्या. युरोपातल्या जलरंगाच्या कागदाला जिलेटिनची खळ आली. अठराव्या शतकात इंग्लंडातल्या केंट परगण्यात जेम्स व्हॉटमनच्या गिरणीतून असा कागद निघाला, की ओला करा, धुवा, घासा, तो अंगावरचा धागा ढळू देत नसे. टर्नरसारखा चित्रकार कागदाचे जे हाल करी ते सोसायला असाच कागद हवा होता. टर्नरची प्रतिभा मोठी होती यात वाद नाही. पण प्रतिभा कितीही मोठी असली तरी गुठळ्या वळणाऱ्या कागदावर ती तिसऱ्या वॉशला दम तोडते.

दुसरी गोष्ट म्हणजे धागा. लाकडाच्या लगद्याचा धागा आणि कापसाचा धागा यांत भिंत आणि गादी यांच्याएवढा फरक आहे. लाकडी लगद्यावर रंग बहुतेक वरच्यावर राहतो. म्हणून दुसरा हात दिला की पहिला उठून येतो. कापूस रंगाला थोडा आत घेतो, पाणी जास्त वेळ धरून ठेवतो, आणि एकावर एक पाच वॉश दिले तरी खालचे चार जागेवर राहतात. एकोणिसाव्या शतकात लाकडाचा लगदा येईपर्यंत युरोपातला कागद चिंध्यांचाच होत असे. म्हणजे आपली बोहारीण जे गाठोडं बांधून नेते, त्यातूनच तिकडे बायबल छापायची आणि राजेलोकांची चित्रं काढायची सोय होत होती. आता चिंध्यांऐवजी बहुतेक ठिकाणी सरकीला चिकटून राहिलेला आखूड तंतू वापरतात. सरकी म्हटल्यावर आपल्याला म्हैस आठवते. फ्रेंच माणसाला चित्र आठवतं. ज्याचा त्याचा संस्कार.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जलरंग शिकायला घेतले आणि कागद निवडायला मला बरोबर नेलं. दुकानदाराने आल्या आल्या विचारलं, "तीनशे जीएसएम देऊ?"

"तीनशेच का?" काकांनी विचारलं. आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासलेला माणूस.

"सगळे तेच नेतात."

या उत्तरावर आपल्या देशात लग्नं ठरतात, तिथे कागदाचं काय! पण जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, दुसरं काही नाही. जुने लोक यालाच एकशेचाळीस पौंडी म्हणत. वजनावरून एवढं कळतं की कागद पाण्याने किती वाकडातिकडा होईल. दोनशेच्या आतबाहेरचा असेल तर तो आधी भिजवून, फळीवर डिंकाच्या पट्टीने ताणून वाळवावा लागतो. तीनशेचा बराचसा सरळ राहतो. सहाशे चाळीसचा म्हणजे पुठ्ठ्याचा भाऊ, तो हलतच नाही. पण रंग कसा घेईल, वॉश कसा बसेल, हे वजन सांगत नाही. लाकडी लगद्याचा कागदही तीनशेचा असतो आणि कापसाचाही तीनशेचाच असतो. पैलवान वजनावर निवडावा. गवई वजनावर निवडून चालत नाही.

पोताचंही तेच. गुळगुळीत, मध्यम दाणेदार आणि खरबरीत असे तीन प्रकार. पैकी गुळगुळीत कागद गरम रुळांतून दाबलेला असतो. मध्यमाला इंग्रज लोक 'नॉट' म्हणतात, म्हणजे 'गरम दाबलेला नाही तो'. एखाद्या वस्तूची ओळख ती काय नाही एवढ्यावरूनच करून देणं हे उपनिषदांनी ब्रह्माच्या बाबतीत केलं होतं. त्यानंतर ते कागदाच्याच वाट्याला आलं. शिकणाऱ्याला हाच मध्यम बरा. गुळगुळीतावर पाणी घसरतं आणि खरबरीतावर पेन्सिल अडखळते.

मग काकांनी कागद पारखायला सुरुवात केली. कागदाचा पूर्ण ताव, म्हणजे बावीस बाय तीस इंचांचा इंपीरियल, दोन कोपरे धरून हळूच हलवायचा. चांगली खळ असलेला ताव पत्र्यासारखा खणखणतो. मऊ कागद नुसताच फडफडतो. दुसरी कसोटी जिभेची. जुने कागदवाले कागदाच्या कोपऱ्याला जिभेचं टोक लावून बघत: चिकटला तर खळ कमी, नाही चिकटला तर बरी. मी हे सांगितलं मात्र, काकांनी दुकानदाराचं लक्ष नाही असं बघून एका विलायती तावाला जीभ लावली.

"नाही चिकटत!" काका खूश.

"छान. जिलेटिन भरपूर आहे."

"जिलेटिन म्हणजे?"

"जनावरांची कातडी, हाडं उकळून काढतात ते."

चातुर्मासात कांदा-लसूणही न खाणारे काका तिथल्या तिथे पाणी शोधायला लागले. जिलेटिनऐवजी दुसरी खळ वापरणाऱ्या गिरण्याही आता आहेत, हे मी सांगितलं. पण तोवर कार्तिकी एकादशीपर्यंतचा हिशेब बिघडलेला होता.

असो. समीक्षकाने एकेका कृतीबद्दल मत दिलं पाहिजे, ते देतो.

पहिला आपला कार्ट्रिज. हा स्वभावाने सज्जन आहे, पण पाण्याशी त्याचं पटत नाही. पेन्सिल, कोळसा, खडू, पेनाने रेखाटन करून वरून हलकासा रंग, इथपर्यंत तो बहारीचा. त्याला जलरंगाच्या वॉशला बसवणं म्हणजे पट्टीच्या कीर्तनकाराला पोहण्याच्या शर्यतीत उतरवणं. दोष कीर्तनकाराचा नव्हे.

दुसरा, 'विद्यार्थ्यांसाठी' म्हणून मिळणारा जाड, लाकडी लगद्याचा. दिसायला राजबिंडा. तीनशेचं वजन, अंगावर दाणे, कव्हरावर डोंगर आणि तळ्याचं सुंदर चित्र. कव्हरावरचं ते चित्र आतल्या कागदावर काढलेलं असेलच अशी खात्री देववत नाही. पण समीक्षकाने न्यायी असावं. यावर रंग टवटवीत दिसतात, वाळलेला रंग ओल्या ब्रशने सहज उचलता येतो, आणि अलीकडचे बरेचसे आम्लविरहित असल्यामुळे वर्तमानपत्रासारखे पिवळेही पडत नाहीत. एका दमात, एका हातात होणाऱ्या छोट्या चित्रांना हा चालतो. ओल्यावर ओलं लावायचं किंवा थरावर थर द्यायचे म्हटलं की हा पाहुण्यासारखा घड्याळ बघायला लागतो.

तिसरा, पाव हिस्सा कापूस असलेला. हा आपल्या जातीचा: ना गरीब ना श्रीमंत. बाकीचा तीन चतुर्थांश लगदाच असल्याने चमत्काराची अपेक्षा करू नये. पण लाकडी आणि कापसाच्या मधली पायरी म्हणून तो प्रामाणिक आहे.

चौथा देशी हातकागद. याच्याबद्दल लिहिताना माझा समीक्षक जरा हळवा होतो. दौलताबादेजवळच्या कागझीपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या कागद झाला. जुन्नरचा कागद एके काळी नावाजलेला होता. जयपूरजवळच्या सांगानेरला होजिअरीच्या कातरणांतून अजूनही कागद निघतो. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली. घटक म्हणाल तर अस्सल कापूस. आणि किमतीत विलायतीच्या मानाने फारच गरीब. अडचण एकच: हाताने केलेली गोष्ट हाताच्या मर्जीने चालते. एका तावाला खळ अशी बसते की वाहवा, आणि त्याच गठ्ठ्यातला दुसरा ताव टिपकागदासारखा रंग पिऊन टाकतो. म्हणून हातकागद घ्यावा तो चार ताव घेऊन, कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून, आणि जमला तर त्याच दुकानातून त्याच दिवशी आणखी आठ आणून. नात्यातल्या गुणी पण लहरी गवयासारखा हा आहे. रंगला तर मैफल तुमची.

पाचवा, शंभर टक्के कापसाचा विलायती. फ्रान्समधली आर्शची गिरणी १४९२ पासून कागद करते आहे. म्हणजे कोलंबस भारत समजून भलत्याच ठिकाणी उतरला त्या वर्षी हे लोक योग्य ठिकाणी बसून काम करत होते. इटलीतल्या फाब्रियानो गावात तर तेराव्या शतकापासून कागद होतो. इंग्लंडातल्या सॉमरसेटमधला सॉन्डर्स वॉटरफर्ड हा तिसरा मानकरी. यांच्यावर निळ्याचा वॉश दिला की तो आपला आपण खाली उतरतो, शेवटचा थेंब ब्रशने टिपून घ्यायचा, बस. आकाश होतं. पहिल्यांदा हे करणारा माणूस मागे वळून बघतो: दुसऱ्या कोणी तर नाही ना काढलं?

हल्ली फोनवर देशोदेशीचे चित्रकार चित्र काढून दाखवतात. "इथे एक सोपा वॉश द्या," असं म्हणून ते हात फिरवतात आणि पावसाळी आभाळ तयार होतं. ते कापसाच्या कागदावर काम करत असतात. त्यांचा हात अर्धं काम करतो, कागद उरलेलं अर्धं. इकडे त्यांचा शिष्य वहीचा कागद पुढे घेऊन तोच 'सोपा वॉश' देतो आणि आपल्याच नशिबाला बोल लावतो. गुरूने विद्या लपवलेली नसते. तो फक्त कागदाचं नाव घ्यायला विसरलेला असतो.

"सगळं पटलं," काका म्हणाले, "पण भाव बघ." आणि बँकेतल्या सवयीने त्यांनी तिथेच तोंडी हिशेब केला. तीनशे जीएसएमचा पूर्ण ताव भरतो सुमारे एकशे अठ्ठावीस ग्रॅम. समजा ताव आठशेला पडला, तर किलोचा भाव सव्वासहा हजार रुपये. "या भावात काजू खाल्ले, तर डॉक्टरचं बिल धरूनही स्वस्त पडेल!"

हिशेब बरोबर होता. फक्त कागद किलोवर घ्यायचा नसतो, तो रद्दीवाल्याचा हिशेब. कागद घ्यायचा तो प्रयत्नांवर. आठशेच्या त्या तावाचे आठ तुकडे करा. प्रत्येक तुकडा अकरा बाय साडेसात इंचांचा, म्हणजे शाळेच्या वहीच्या पानाहून मोठाच. तुकडा शंभराला पडला. चांगल्या कापसाच्या कागदाच्या दोन्ही बाजू चालतात. म्हणजे एक प्रयत्न पन्नासला. उलट समजा बारा पानांचं साधं पॅड तीनशेला मिळालं, तर पान पंचवीसला. फरक राहिला पंचवीस रुपयांचा. त्यात एका पानावरचा प्रयत्न तुम्हाला जलरंग शिकवतो आणि दुसऱ्यावरचा त्या पानाशी कुस्ती खेळायला शिकवतो. ही कुस्ती पुढे कुठेही उपयोगी पडत नाही. चांगल्या कागदावर गेल्यावर ती विसरायला वेगळे सहा महिने लागतात.

आणि पैसे वाचवायचेच असतील तर वाचवायच्या जागा दुसऱ्या आहेत. चोवीस रंगांची पेटी कशाला? एक लाल, एक निळा, एक पिवळा, बरे घ्या. बाकीचे एकवीस त्यांतूनच निघतात. बारा ब्रशांचा संच कशाला? टोक धरणारा एक जाडसा गोल ब्रश पुरतो. मांडणीचे कच्चे आराखडे वहीत करा, पाठकोऱ्या कागदावर करा, लग्नपत्रिकेच्या पाठीवर करा. चित्र लहान काढा. पण ज्या तुकड्यावर पाणी पडणार आहे, तो तुकडा चांगला असू द्या.

याच्या उलटही एक रोग आहे, आणि तो सांगितला नाही तर समीक्षा एकांगी होईल. काकांनी शेवटी दोन ताव विलायती घेतले. घरी आणून मऊ कापडात गुंडाळले आणि पैठणीशेजारी कपाटात ठेवून दिले. "हात बसला की काढू." पाच शब्दांचं ते वाक्य आता उलटा सदरा घालून आलं होतं! मधे एक पावसाळा गेला. आपल्या मुंबई-कोकणाच्या दमट हवेत जिलेटिनच्या खळीचे हाल होतात. जागोजागी तिची ताकद जाते आणि वरून काही दिसत नाही. काकांनी दिवाळीत मुहूर्ताने ताव काढला, वॉश दिला, आणि आकाशात देवी आल्यासारखे ठिपके उमटले. पैठणी निदान लग्नामुंजीत तरी बाहेर निघते. कागद न वापरता ठेवण्याइतकी महाग चैन दुसरी नाही. ठेवायचाच तर प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा. आणि ठेवूच नये हे त्याहून बरं.

म्हणजे एका बाजूला इतका स्वस्त कागद की तो शिकू देत नाही, आणि दुसऱ्या बाजूला इतका महाग की तो हात लावू देत नाही. दोघेही चित्र काढू देत नाहीत एवढ्यावर त्यांचं एकमत आहे. यातून माझ्यापुरता मी एक नियम काढलाय. जो तुकडा वाया गेला तरी रात्रीचं जेवण गोड लागेल, अशा किमतीत बसणारा सगळ्यांत चांगला कागद घ्यावा. कोणाचा तो नियम पावकापसावर थांबेल, कोणाचा हातकागदावर, कोणाचा आर्शच्या आठव्या हिश्श्यावर. जेवण आपलं आपल्यालाच ठाऊक.

साध्या कागदाला मी वाळीत टाकायला निघालोय असं मात्र समजू नका. मुरलेला चित्रकार कार्ट्रिजवरसुद्धा नदीचा घाट असा उतरवतो की बघत राहावं. त्याला त्या कागदाच्या खोड्या पाठ असतात. एकदाच रंग लावायचा, परत तिकडे फिरकायचं नाही, कड पडणारच असेल तर ती पायरीच्या जागी पाडायची. वीस वर्षांच्या सरावावर हे जमतं. म्हणून साधा कागद ही उस्तादाची चैन आहे, त्याला परवडते. शिकणाऱ्याला परवडत नाही. चांगला कागद आधी नवशिक्याला द्यावा, उरला तर उस्तादाला.

तेव्हा घरातलं एखादं पोर डाग पडलेलं आकाश घेऊन तुमच्यापुढे उभं राहिलं, तर त्याच्या हाताकडे बघण्याआधी कागद उलटा करून बघा. बोटाने कोपरा चाचपा. खणखणतो का ऐका. जीभ लावायची की नाही ते ज्याने त्याने आपापल्या चातुर्मासाप्रमाणे ठरवावं. आणि मग त्याला चांगल्या कागदाचा वहीच्या पानाएवढा तुकडा आणून द्या. एवढं झाल्यावरही आकाशाचा सह्याद्रीच झाला, तर मामाचं नाव काढायला आपण मोकळे आहोतच.